मऊ म्हणजे गुरगुट्या भात नव्हे

वजन उतरवण्यासाठी जठरावर केलेल्या शस्त्रक्रियेनंतर एकोणतिसाव्या दिवशी सकाळी वहिनीने फ्रिजवर चिकटवलेल्या कागदाच्या तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. ‘मऊ आहार’. आईने ते वाचलं आणि एक अक्षर न बोलता कुकर काढला. तांदूळ, चिमूटभर मूगडाळ, पाणी जास्तीचं, पाच शिट्ट्या. वर साजूक तूप आणि मेतकूट. आमच्या घरात टायफॉइडमधून उठलेल्यापासून बाळंतिणीपर्यंत सगळ्यांच्या जेवणाची सुरुवात याच वाटीने झाली आहे. “महिनाभर पाण्यावर आहेस गं, आज दोन घास नीट जेव,” म्हणत तिने वाटी पुढे केली. वहिनीने डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाली, “आई, आधी वरण द्या. भात, उरलीच पोटात जागा तर.”

आईला ते लागलं. तिला समजावताना मलाच बऱ्याच गोष्टी नव्याने कळल्या, त्या इथे सांगते. मी डॉक्टर नाही. महिनाभर स्वयंपाकघरात गाळणी, रवी आणि मिक्सर सांभाळणारी नणंद आहे. त्यामुळे दिवसांचे आकडे वाचताना एक ध्यानात असू द्या: प्रत्येक सर्जनचा तक्ता थोडा वेगळा असतो. तुमच्या हातात दिलेला कागद आणि माझा लेख जुळला नाही, तर कागद खरा.

वहिनीची शस्त्रक्रिया ‘स्लीव्ह’ या नावाने ओळखली जाते. आपलं जठर ही ताणली जाणारी पिशवी आहे. सणासुदीच्या जेवणाला ती एक ते दीड लिटरपर्यंत फुगू शकते. स्लीव्हमध्ये तिचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग उभा कापून काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी, सुरुवातीला शंभर-दीडशे मिलिलिटरची. कापलेली कड स्टेपलरने बंद करतात, टायटॅनियमच्या बारीक पिनांच्या ओळींनी. बायपास (हृदयाचा नव्हे, जठराचा) हा याच शस्त्रक्रियेचा दुसरा प्रकार. त्यात जठराच्या वरच्या टोकाशी एक चिमुकली थैली वेगळी करतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. ‘रू-एन-वाय’ बायपासमध्ये, ज्याच्या नावात स्विस सर्जन सेझार रू यांचं नाव आहे, ही थैली जेमतेम ३० मिलिलिटरची असते. खोकल्याच्या औषधाचं टोपण १५ मिलिलिटरचं धरलं, तर दोन टोपणं. आपल्याकडे ‘मिनी बायपास’ही बराच होतो. त्यात थैली थोडी लांबट असते आणि जोड एकच.

जठर लहान झालं, एवढंच सगळ्यांना माहीत असतं. पण जठर नुसतं साठवत नाही, दळतंही. वरचा भाग घास आला की सैल होऊन त्याला जागा करून देतो. खालचा भाग ते सगळं घुसळतो, आणि पुढे आतड्याच्या दारावरची झडप साधारण एक-दोन मिलिमीटरहून मोठे कण सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. आपण अर्धवट चावून गिळलेली पोळी आयुष्यभर या गिरणीने निभावून नेलेली असते. स्लीव्हमध्ये सैल होणारा भागच काढून टाकलेला असतो, म्हणून एक घास जास्त झाला की दाब लगेच चढतो. बायपासमध्ये दळणारा भाग अन्नाच्या वाटेवरच राहत नाही. दोन्हीकडे निष्कर्ष एकच: जातं आता तोंडात. आणि ते जोवर नीट चालवता येत नाही, तोवर दळण बाहेरून करून द्यायचं.

पहिले पंधरा दिवस पातळ का, तर आतल्या शिवणीसाठी. वहिनीच्या पोटावर बाहेरून पाहिलं तर टिकल्यांएवढे पाच व्रण. पण आत जवळपास वीतभर लांबीची कापलेली कड आहे. पिना ती धरून ठेवतात, पण खरं सांधणं शरीर करतं, आणि ते एका रात्रीत होत नाही. पहिले काही दिवस नुसती सूज. मग हळूहळू नवे तंतू विणले जातात, आठवड्यांनी ते पक्के होतात. शंभरात एखाद-दुसऱ्या रुग्णाला या शिवणीतून गळती होते, आणि तिचा धोका मुख्यतः याच पहिल्या काळात असतो. अशा वेळी घट्ट घास अडकला, उलटीचे उमाळे आले, तर ताण त्या ओल्या शिवणीवर येतो. गंमत अशी की माणसाला चौथ्या दिवशीच बरं वाटायला लागतं. दुर्बिणीची शस्त्रक्रिया, दुखणं कमी, चालणं सुरू. आपण बरे झालो असं वाटणं आणि आतली कड सांधली जाणं, या दोहोंमध्ये बऱ्याच दिवसांचं अंतर आहे. पथ्य मोडतं ते बहुतेक याच अंतरात.

पातळ आहाराचं फार सांगण्यासारखं नाही, मोजण्यासारखं आहे. पहिले एक-दोन दिवस आरपार दिसणारे द्रव: पाणी, डाळीचं वरचं निवळ पाणी, गाळलेलं सूप. मग गाळलेलं ताक, साय काढलेलं दूध, मुगाचं गाळलेलं कढण, प्रोटीन पावडर घातलेलं पेय. आम्ही ३० मिलिलिटरचा औषधाचा कप आणला होता. पंधरा मिनिटांत एक कप, घोट घोट. तासाला चार कप म्हणजे १२० मिलिलिटर, जागेपणी चौदा तास धरले तर साधारण १,७०० मिलिलिटर. दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी पोटात जावं असं सांगतात, ते असं जातं. एकदम ग्लासभर पिऊन हिशेब पुरा करता येत नाही. स्ट्रॉ नको आणि सोडा नको, कारण हवा आत जाते आणि नळीत तिला जागा नाही.

त्यानंतरचे पंधरा दिवस घोटलेलं, म्हणजे दह्याइतपत दाट आणि एकसारखं. इथे आमच्या आजीची लाकडी रवी उपयोगी पडली. वरण शिजवून रवीने घोटायचं, मग गाळणीतून चमच्याने दाबत काढायचं. गाळणीत राहील ते आपल्याला, खाली उतरेल ते वहिनीला. दुधी, लाल भोपळा, गाजर असंच. बाळाला पहिलं वरण भरवताना जे करतो तेच, फक्त तूप-साखरेशिवाय.

आता तो तिसरा रकाना.

मऊ ओळखायची कसोटी सोपी आहे. पदार्थ ताटलीत ठेवायचा, चमच्याच्या पाठीने दाबायचा. जोर न लावता त्याचा लगदा झाला तर मऊ. ओलसर पनीर होतं. शिजलेला दुधी होतो. मुगाचं पातळ धिरडं वरणात भिजवलं की होतं. कोरडी चिकनची फोड होत नाही, बारीक खिमा रश्श्यात शिजवला तर होतो. मेथीचे देठ, शेवग्याचा गर, खोबऱ्याचा कीस दाबून चपटे होतात पण धागे तसेच राहतात. ते अजून नकोत.

पण ही कसोटी अर्धीच आहे, आणि आईचा गुरगुट्या भात उरलेल्या अर्ध्यात नापास होतो. दाबून पाहिला तर तो मऊच. पण त्या वाटीत आहे काय? पंचवीस ग्रॅम तांदूळ, भरपूर पाणी. डाळीची चिमूट सोडली तर प्रथिनं जेमतेम दोन ग्रॅम. आणि वहिनीला दिवसाला किमान साठ ग्रॅम प्रथिनं हवीत. साठ ते ऐंशी हा सर्वसाधारण आकडा. पोटात एका वेळी मावतात चार-पाच मोठे चमचे. ते भाताने भरले तर त्या वेळेची जागा गेली. प्रथिनं कमी पडली की शरीर वजन उतरवताना चरबीबरोबर स्नायूही खर्ची टाकतं, जखम भरायला उशीर होतो, अशक्तपणा येतो.

आपल्या जेवणाची ही जुनी सवय आहे. आयुर्वेदात पंचकर्मानंतर नेहमीच्या जेवणाकडे परत येण्याचा ‘संसर्जन क्रम’ सांगितला आहे: आधी पेया (तांदळाची पातळ पेज), मग विलेपी (घट्ट पेज), मग यूष (डाळीचं कढण), मग मांसरस. पातळाकडून घट्टाकडे पायरीपायरीने चढायचं, ही समज तिथे आहेच, आणि आईची पेज–आटवल–मऊभात ही चढण त्याच घराण्यातली. फरक क्रमाचा. तिथे तांदूळ पहिला, डाळीचं आणि मांसाचं सत्त्व नंतर. या शस्त्रक्रियेनंतर उलटं: डाळ, दही, पनीर, अंडं, मासे आधी, मग भाजी, आणि भात-पोळी सगळ्यात शेवटी. आईला हे असं सांगितल्यावर पटलं. “म्हणजे ताट उलटं वाढायचं,” एवढंच म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून खरंच तसं वाढायला लागली.

श्रावणामुळे आमचा आणखी एक घोळ झाला. आहारतज्ज्ञ बाईंनी अंडं लिहून दिलेलं, घरात गणपती उठेपर्यंत अंडं येत नाही. वहिनीलाही ते मोडायचं नव्हतं. मग आम्ही शाकाहारी हिशेब मांडला. दोनशे मिलिलिटर दुधात व्हे पावडर (दुधातल्या प्रथिनांची भुकटी), डब्यातल्या मापाच्या चमच्याने एक चमचा, साधारण २८ ग्रॅम प्रथिनं. दह्याचा बिनसाखरेचा चक्का पन्नास ग्रॅम, ४ ग्रॅम. कुस्करलेलं पनीर पन्नास ग्रॅम, ९ ग्रॅम. घट्ट मुगाचं वरण अर्धी वाटी, ४. वीस ग्रॅम मूगडाळीचं धिरडं, ५. रात्री दीडशे मिलिलिटर दूध, ५. बेरीज पंचावन्न. सहा वेळा खाऊनसुद्धा साठ भरत नाहीत, आणि पावडर काढली तर आकडा तिशीच्या आसपास येतो. ‘पावडर-बिवडर नको, घरचंच खाऊ’ म्हणणाऱ्यांनी ही बेरीज एकदा करून पाहावी. पाच ग्रॅमची तूट आम्ही पावडरीचा पाव चमचा वाढवून भरली. (गणपती उठल्यावर अंडं आलं. एका अंड्यात ६ ग्रॅम. ओलसर भुर्जी, तेही अर्ध्याच अंड्याची, दोन वेळा.)

नवा पदार्थ एका दिवशी एकच आणायचा, शक्यतो दुपारी. रात्री काही अडकलं तर सगळ्यांचीच झोप जाते.

आणि अडकतं. मऊ आहाराच्या तिसऱ्या दिवशी वहिनी फोनवर बोलत बोलत पनीरचे तुकडे खात होती. कुस्करलेलं नव्हे, तुकडे. चौथ्या तुकड्याला तिने फोन ठेवला आणि छातीच्या मधोमध हात दाबला. नाक वाहायला लागलं, तोंडात लाळ भरत राहिली, मग पांढरा फेस बाहेर आला, अन्न नव्हे, नुसता फेस. आम्ही घाबरलो. फोनवर बाईंनी विचारलं, “चावलं होतं का?” वहिनी गप्प. झालं होतं असं: तुकडा अरुंद जागेत बसला, वरची लाळ खाली जाईना, शरीर आणखी लाळ सोडत राहिलं. अशा वेळी पाणी पिऊन तो ढकलायचा नाही, वर आणखी पाणी साचतं. उभं राहायचं, चालायचं, वाट पाहायची. पाऊण तासाने सुटलं. पुढचा एक दिवस परत पातळावर. हे मागे जाणं म्हणजे नापास होणं नव्हे, सुजलेल्या जागेला विश्रांती देणं आहे.

त्यानंतर आमच्याकडे चहाचा लहान चमचा आला. घास नखाएवढा, वीस-पंचवीस वेळा चावायचा, चमचा मधे खाली ठेवायचा. वाटीभरसुद्धा नसलेल्या जेवणाला वीस ते तीस मिनिटं. पोट भरल्याची खूणही आता बदललेली असते. पूर्वी ढेकर यायची. आता कुणाला उचकी लागते, कुणाला शिंका येतात, नाक वाहतं, छातीच्या हाडामागे दाब येतो. वहिनीला शिंक येते. एक शिंक आली की ताटलीत काय उरलंय ते न पाहता उठायचं. “एवढाच घास राहिलाय, टाकू नकोस” हे वाक्य आमच्या घरात सध्या बंद आहे.

भूक ही वेगळीच कथा. घ्रेलिन नावाचं संप्रेरक मेंदूला भुकेचा निरोप देतं. मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा या जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ मध्ये शोधलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं, नेमका जो भाग स्लीव्हमध्ये काढून टाकतात. म्हणून पहिले काही महिने भूक जवळजवळ लागत नाही. लोकांना वाटतं, बरंच झालं. पण भूक नाही म्हणून जेवण चुकवलं की प्रथिनांची बेरीज कोसळते. घड्याळ बघून खायचं, औषधासारखं.

जेवताना पाणी नाही, हे मराठी माणसाला सगळ्यात जड जातं. ताटाशेजारी तांब्या-भांडं ही आपली रीत. आता जेवणाआधी आणि नंतर अर्धा-अर्धा तास पाणी बंद. एक तर जागा कमी, दुसरं म्हणजे पाण्याबरोबर अन्न भराभरा खाली वाहून जातं आणि पोट भरल्याचं कळतच नाही.

याच कारणाने चहात बुडवलेली खारी घातक. ती मऊ असते, अडकत नाही, त्रास देत नाही. तोच तिचा दोष. पाच-सहा खाऊन होतात आणि पोट तक्रारही करत नाही. बिस्किटं, आइस्क्रीम, शेव तोंडात विरघळवून खाणं, सगळं याच जातीचं. वर्षा-दोन वर्षांनी वजन परत चढतं, तेव्हा त्यात बहुधा ही निसरडी खाणी असतात. ताज्या पावाचं उलट: चावला की त्याचा चिकट गोळा होतो आणि तो बसतो. गव्हाची मऊ पोळीही पुष्कळांना याच कारणाने बरेच दिवस सोसत नाही. ज्वारीची भाकरी मात्र वहिनीला आधी चालली. आमटीत कुस्करली की तिचा भुगा होतो, गोळा होत नाही.

बायपास झालेल्यांना आणखी एक सांभाळावं लागतं. गोड थेट आतड्यात उतरलं की आतडं आजूबाजूचं पाणी ओढून घेतं. खाल्ल्यावर तासाभराच्या आत पोटात कळा, धडधड, घाम, जुलाब. याला ‘डम्पिंग’ म्हणतात. कधी एक ते तीन तासांनी उलट रक्तातली साखर घसरते आणि हातपाय थरथरतात. शिरा मऊ आहे, उसाचा रस पातळ आहे, म्हणून चालेल असं नाही.

काही गोष्टी मात्र घरच्या घरी निस्तरायच्या नसतात. ताप, नाडी मिनिटाला १२० च्या वर, पोटात वाढत जाणारं दुखणं, डाव्या खांद्यात कळ, धाप, काळी शौच, पोटरीला सूज, दिवसभर पाणीसुद्धा न टिकणं: यातलं काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, हॉस्पिटलला फोन. उलट्या काही दिवस चालूच राहिल्या तर बी-१ जीवनसत्त्व संपतं. शरीरात त्याचा साठा अवघ्या दोन-तीन आठवड्यांचा असतो. दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं ही त्याची लक्षणं, आणि उशीर झाला तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजचं सलाइन लावून घेण्याआधी शस्त्रक्रिया झाल्याचं सांगायचंच, कारण आधी बी-१ द्यावं लागतं.

मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या जुन्या गोळ्या तशाच चालू ठेवायच्या नाहीत. खाणं इतकं घटल्यावर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डोस डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यायचा. डोकं दुखलं म्हणून मेडिकलमधून आणलेली ब्रुफेनसारखी वेदनाशामकंही नकोत, विशेषतः बायपासनंतर, जोडावर अल्सर होऊ शकतो. जीवनसत्त्वं मात्र कायमची. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतलं तर एकमेकांना अडवतात, मधे दोन तास ठेवायचे. आमच्या फ्रिजवर आता आहाराच्या कागदाशेजारी गोळ्यांचा दुसरा कागद आहे.

मऊ आहार सुरू होऊन आठवडा होत नाही तोच गणपती आले. घरात उकडीचे मोदक. आता मोदकापेक्षा मऊ काय असतं? चमच्याच्या पाठीने दाबला की लगदा. पण उकड तांदळाची आणि चिकट, आत खोबऱ्याचे धागे आणि गूळ. एकाच पदार्थात तीन नकार. शेजारच्या काकू म्हणाल्या, “प्रसादाला नाही म्हणू नये.” मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, “तिचं ताट उलटं आहे हो. तिचा नैवेद्य वेगळा केलाय.” आणि तिने वहिनीसमोर मुगाचं धिरडं ठेवलं, छोट्या पुरीएवढं, घट्ट वरणात बुडवलेलं, वर चक्क्याचा एक चमचा.

पंगत बसली. वरणभात झाला, मोदकांवर तूप पडलं, आग्रह झाले. बाकीच्यांना ताकभात वाढायला मी उठले तेव्हा वहिनीचं धिरडं अर्ध्यावर आलं होतं. मग तिला शिंक आली. तिने चमचा खाली ठेवला, आणि आईने उरलेलं अर्धं झाकून फ्रिजमध्ये ठेवलं, चारच्या खाण्याला.